नऊ फिन

पेपरात निफाडचा पारा घसरला की
आमच्या सिडकोतल्या घराची फरशी
दुसऱ्या दिवशी न विचारता तेच करते.
शेवंताआत्या दोन पायमोजे चढवते,
वर तिसरा, एकाच पायात,
त्याची जोडी गेल्या हिवाळ्यात हरवली.

छाजेडांच्या दुकानात तीन हीटर मांडलेले.
पहिला लाल सळयांचा, नऊशेचा,
नडगी भाजते, पाठ गारच.
दुसरा पंख्याचा. बटण दाबलं
तर पिठाची गिरणी सुरू.
तिसरा तेलाचा, नऊ फिनचा, चाकांवर ऐटीत उभा,
किमतीची चिठ्ठी त्याने पाठीमागे लपवली होती.
"एकदम सायलेंट आहे ताई," पोरगा म्हणाला,
"म्हाताऱ्या माणसांची झोप मोडत नाही."
मी म्हटलं, आमच्या म्हाताऱ्या माणसाला
वीस वर्षं कुकरची शिट्टीही ऐकू येत नाही.
तो हसला. मीही हसले.
पर्समधले साडेतीन हजार तेवढे गप्प राहिले.

मी अंबडला कॉइल गुंडाळते, चौदा वर्षं झाली.
तांब्याची तार चिमटीत धरली की जाडी कळते,
मायक्रोमीटर नंतर, साहेबांसाठी.
त्यामुळे खोक्यावर काय छापलंय ते मी वाचत नाही.
वायर बघते. पिना बघते.
स्वस्त माल आधी तिथेच रोडावतो,
माणूस मनगटात रोडावतो तसा.

देवळाली कॅम्पात एका मेजरची बदली निघाली होती.
ओट्यावर काळ्या पेट्या, त्यांवर ओल्या पांढऱ्या रंगात
तिरुवनंतपुरम.
तिथे हीटर नेऊन काय करणार?
"आप चला के देख लीजिए," मिसेस थापलियाल म्हणाल्या.
मी चालवलाच. खाली आधी जुना पेपर अंथरला,
तेलाचा डाग पडतो का बघायला.
अर्धा तास.
त्यांनी चहा दिला, माझं लक्ष पेपरावर.
डाग पडला नाही.
प्लगवर तळवा ठेवला. कोमट. चालेल.
थर्मोस्टॅट फिरवला. टक. परत फिरवला, टक.
मुद्दाम कलता केला, लगेच बंद. शहाणा आहे.
एक चाक नव्हतं.
त्या चाकाचे मी पाचशे कमी करून घेतले.
अठ्ठावीसशे.

पोटात तेल, आडवा करायचा नाही,
म्हणून बसमध्ये बिटकोपर्यंत तो उभाच
आणि मी त्याला कमरेत धरून.
कंडक्टर म्हणाला, याचं फुल काढू का हाफ?

उरलेले सातशे मुनाफभाई वायरमनचे.
मेनपासून थेट जाड वायर, सोळा अँपिअरचा पॉइंट.
वरचे तीनशे पगार झाल्यावर, असं ठरलं.
"लोक हीटर बघून घेतात," शिडीवरून ते म्हणाले,
"भिंत कुणी बघत नाही."
चाकाच्या जागी कंपनीतली रिकामी बॉबिन बसली,
जशी काही त्यासाठीच रिकामी झाली होती.

तापायला वेळ लावतो.
पहिली वीस मिनिटं तो नुसता विचार करतो,
मग एकेका कोपऱ्याला कळू लागतं.
आत्याने तिसरा मोजा काढून
त्याच्यावर वाळत घातला. मी ओरडले,
वर कापड टाकायचं नाही!
तिला अर्थातच ऐकू आलं नाही.
हाताने दाखवलं, तेव्हा रुसली.

रात्री आठशेवर ठेवते, बिलाच्या भीतीने.
दम्याचं माणूस थंडीत झोपतं तशी ती झोपते,
दोन उशांना टेकून, अर्धी बसून.
छाजेडांच्या पोराला सांगायचं राहून गेलं,
ती शांतता तिच्यासाठी नकोच होती.
पंख्याच्या घरघरीत मला
तिची घरघर ऐकू आली नसती.

आता अंधारात टक होतं, हीटर थांबतो,
आणि तिचा श्वास येतो, बारीक शीळ घालत,
जातो,
येतो.
मी मोजत नाही. जागी असते एवढंच.
परत टक.